दुधाचा भाव आणि दुधाचे नियंत्रण

युद्धकाळातल्या दूधनियंत्रणाबद्दल बोलताना आपण दोन टोके गाठतो. एक म्हणतो, सरकारने हात घातला की दूध नासलेच. दुसरा म्हणतो, सरकार नसते तर ते मुलांच्या ओठी लागलेच नसते. दोघांबद्दलही माझी एकच तक्रार आहे: नियंत्रण कुठून सुरू झाले, हे दोघेही विचारत नाहीत.

धान्य पेवात घालून शेतकऱ्याला भावाची वाट पाहता येते. म्हैस मात्र सकाळ-संध्याकाळ पान्हावते आणि धार काढली की घड्याळ चालू होते. उन्हाळ्यात दूध चार-पाच तासांत फाटते. म्हणून ज्याच्याकडे कॅन, गाडी आणि पाश्चरीकरणाचे यंत्र, त्याच्याच हाती भाव. शिवाय नुसता विक्रीचा भाव बांधला तर तो पाळणे फार सोपे असते. तेवढे पाणी घालायचे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने १९४० च्या जुलैत गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि पाच वर्षांखालील मुलांना रोज एक पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक, दूध दोन पेन्सांत आणि गरिबांना फुकट द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी क्रीमच्या विक्रीवर बंदी आली. मोठ्यांना उरलेले मिळे. हे निभावले, कारण दूध उत्पादकांचे स्वतःचे मंडळ १९३३ पासूनच उभे होते आणि गोठ्यातल्या माणसाला काय मिळणार हे ठरलेले होते. वाटपाची शिस्त त्यावर चढवलेली होती.

मुंबईत उलटे झाले. शहराला दूध हवे होते, तबेले अपुरे होते, म्हणून १९४५ मध्ये मुंबई सरकारने खेडा जिल्ह्यातल्या दुधासाठी पोल्सन या खासगी कंपनीशी करार केला. तिथल्या आणंदहून सव्वाचारशे किलोमीटर दूध येऊ लागले. सरकारने कंपनीचा भाव पाहिला, ग्राहकाचा पाहिला. म्हैस पाळणाऱ्याला काय द्यायचे ते मात्र कंपनी आणि तिच्या मध्यस्थांवर सोडले. याला नियंत्रण म्हणणे मला जड जाते. हा मक्ता होता.

कोणी म्हणेल, ब्रिटन श्रीमंत, त्याचे गोठे मोठे. आपल्याकडे एक-दोन म्हशींचे हजारो धनी, त्यांच्याशी सरकार कसा व्यवहार करणार? आक्षेप वजनदार आहे, पण त्याला खेडा जिल्ह्यानेच उत्तर दिले. जानेवारी १९४६ मध्ये तिथल्या सामरखा गावी शेतकऱ्यांच्या सभेत मोरारजी देसाई होते; मागे सरदार पटेलांचा सल्ला होता. गावोगाव सोसायट्या काढायच्या आणि सरकारने त्यांच्या संघाकडूनच दूध घ्यायचे, अशी मागणी झाली. ती नाकारली गेली, तेव्हा शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध बंद ठेवले. ज्यांच्याशी व्यवहार अशक्य म्हणत होते, त्यांच्याशीच अखेर सरकारला बोलावे लागले.

दुसरा आक्षेप यंत्रांचा: युद्धाच्या घाईत कंपनीवाचून दूध टिकवणार कोण? घाई खरी होती, हे मान्य. पण आणंदमध्ये सरकारचीच एक जुनी क्रीमरी होती. १४ डिसेंबर १९४६ ला नोंदलेल्या संघाने पुढे तीच वापरायला घेतली आणि जून १९४८ मध्ये तिथे दोन गावांच्या सोसायट्यांचे रोजचे जेमतेम २५० लिटर दूध तापू लागले. वर्षअखेरीस ४३२ उत्पादक होते आणि दूध ५,००० लिटरवर गेले होते.