ओली वाफ, कोरडी वाफ



पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते, पण पदवी इंजिनिअरिंगची आणि गाव चंद्रपूर. त्यामुळे "दहा मिनिटं काहीही बोल" असं सांगितल्यावर मला कोळसा आणि वाफच सुचली.

१९२९ साली बल्लारशाह-काझीपेठ मार्ग पूर्ण झाला आणि दिल्लीहून मद्रासला थेट आपल्या जंगलातून गाडी जाऊ लागली. पुढे ब्रॉडगेजवर मालगाड्यांसाठी डब्ल्यूजी आणि प्रवासी गाड्यांसाठी डब्ल्यूपी ही वाफेची इंजिनं आली. त्या दोन्हींच्या पोटात एक भाग होता, त्याचं नाव सुपरहीटर.

चहाच्या किटलीची तोटी नीट पाहा. तोटीलगत बोटभर जागा रिकामी दिसते. खरी वाफ तीच. पुढचा पांढरा ढग म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. जुन्या इंजिनांचं दुखणं हेच होतं. बॉयलरमधली वाफ सिलिंडरच्या त्यामानाने थंड भिंतींना लागली की तिथेच तिचं पाणी व्हायचं. पाणी दट्ट्या ढकलत नाही. म्हणजे कोळसा जळाला, फायरमनचा घाम गेला आणि काम झालंच नाही.

मग वाफ आणखी तापवावी, तर बॉयलरमध्ये ते जमत नाही. डब्ल्यूजीच्या बॉयलरमधला दाब चौरस इंचाला २१० पौंड. त्या दाबाला पाणी सुमारे २०० अंशांवर उकळतं. वाफ पाण्याला टेकून आहे तोवर तीही २०० वरच राहते. जास्तीची उष्णता आणखी पाणी उकळण्यात जाते. वाफेला आधी पाण्यापासून वेगळं काढावं लागतं.

जर्मन इंजिनिअर विल्हेल्म श्मिट यांनी १८९० च्या दशकात हे रेल्वे इंजिनात करून दाखवलं. पुढे रूढ झालेली रचना सोपी आहे. आगीचा धूर बॉयलरमधल्या नळ्यांतून धुराड्याकडे जातो. त्यातल्या काही नळ्या मोठ्या केल्या आणि त्यांच्या आत वाफेच्या बारीक नळ्या घातल्या. वाफ त्यांतून जाते, वळून परत येते आणि तेवढ्यात ३००-३५० अंशांपर्यंत तापते. मगच ती सिलिंडरकडे जाते.

आता हिशेब बघा. २०० ची वाफ ३५० वर न्यायला एकूण उष्णता सुमारे १३ टक्केच जास्त लागते, पण वाफ सुमारे ४० टक्के जास्त जागा व्यापते. म्हणजे तेवढ्याच पाण्यात दट्ट्या जास्त वेळा ढकलला जातो. शिवाय वाफ थोडी थंडावली तरी लगेच पाणी होत नाही. कोळसा वाचतो आणि पाणीही वाचतं. किंमत एकच: इतक्या उष्णतेत साधं वंगण जळतं, म्हणून तेलही वेगळं लागलं.

ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं १९९५ पर्यंत संपली. सुपरहीटर मात्र आपल्या गावातून गेला नाही. दुर्गापूरच्या २,९२० मेगावॉटच्या वीज केंद्रात तो प्रत्येक बॉयलरमध्ये आहे, फक्त तिथे वाफ ५४० अंशांच्या आसपास जाते. आपल्यापैकी काहीजण तिथे नोकरीला आहेत. एक नळी फुटली की अख्खा संच बंद करावा लागतो, हे त्यांना मी सांगायला नको. वाफ जितकी जास्त तापेल तितका एका युनिटमागे कोळसा कमी लागतो. मर्यादा येते ती नळीच्या पोलादाची. कोराडीचे ६६० मेगावॉटचे संच याच वाटेवर एक पाऊल पुढे आहेत.

हे सगळं आज सांगण्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे कोळसा निघतो, तो इथेच जळतो आणि राखही आपल्याच अंगणात पडते. मुंबई-पुण्यात बटण दाबणाऱ्याला वाचलेला कोळसा बिलात दिसला तर दिसेल. आपल्याला तो वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि लेकरांच्या खोकल्यात दिसतो. म्हणून नळीच्या धातूवर काम करणारा एखादा विद्यार्थी आपल्या शाळेतून निघावा, असं मला मनापासून वाटतं. सर, बाई, दहावीच्या वर्गात किटलीची ती रिकामी जागा मुलांना जरूर दाखवा.