पोट, जठर आणि गर्भाशय
(कर्जत येथील भाषण)



आपल्या मराठीतील ‘पोट’ हा शब्द फार उदार आहे. अन्न जाते ते पोटात, कळ उठते ती पोटात आणि मूल वाढते तेही पोटातच. बोलण्याच्या सोयीला हे ठीक. परंतु या एका शब्दाने कित्येक गर्भवतींच्या ताटातील भाकरी कमी केली आहे. ‘पोटभर जेवलीस तर बाळाला जागा कुठे राहील?’ असे सासू सुनेला मायेनेच सांगते. वस्तुतः अन्न जाते जठरात व बाळ वाढते गर्भाशयात. हे दोन स्वतंत्र अवयव होत. अखेरच्या महिन्यांत गर्भाशयाचा दाब जठरावर येतो हे खरे. त्यासाठी थोडे थोडे व अधिक वेळा खावे, कमी खाऊ नये.

हे समजावण्यासाठी पदवी लागत नाही. शेजारच्या जामखेड तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना त्यांनी ग्राम आरोग्यसेविका म्हणून घडविले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीलाही शरीराची ओळख उत्तम होऊ शकते, हे तेथे दिसून आले.

‘अंगात रक्त नाही’ हाही असाच फसवा शब्दप्रयोग. रक्त असते, त्यातील हिमोग्लोबिन उणे असते. गरोदरपणी ते शंभर मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमच्या खाली गेल्यास त्यास रक्तक्षय म्हणतात. त्यावर लोहाच्या गोळ्या मिळतात. पण त्यांनी शौचाचा रंग काळा होतो, आणि बाई घाबरून गोळ्या टाकून देते. हा रंग निरुपद्रवी आहे, हे गोळ्या देतानाच सांगितले पाहिजे. जेवणात लिंबू असावे, लागलीच चहा नसावा; लोह अधिक अंगी लागते.

प्रथिनांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत ती सुमारे १० ग्रॅम, तर हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम असतात. ज्वारीतील लायसिनची उणीव कडधान्य भरून काढते. पाहुण्यांपुढे हुलग्याचे शेंगोळे वाढण्यास आपण का संकोचतो, हे मला उमगलेले नाही.

अंगणवाडीच्या भिंतीवर आकृती काढावयाची झाल्यास तीसेक अवयव दाखविण्यापेक्षा जठर व गर्भाशय ही दोनच, ठळक काढावीत. आणि ती पाहावयास सुनेबरोबर सासूलाही बोलवावे.