आपली ठिकाणे, दुसऱ्यांची नोंदवही

(मोर्शी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण. काही भाग गाळला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'मोबाईलवरील खेळ आणि आपले गाव' हा विषय पाहून आपल्यापैकी काही ज्येष्ठांना हसू आले असेल. संत्र्याचा भाव, कापसाची खरेदी, अप्पर वर्धा धरणाच्या पाण्याचे वाटप हे प्रश्न समोर असताना अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने पोरखेळावर बोलावे, हे विचित्र वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या कंपनीचा खेळांचा व्यवसाय २०२५ साली ३५० कोटी डॉलरांना, म्हणजे सुमारे ३० हजार कोटी रुपयांना विकला गेला, आणि ज्या मालमत्तेचा एक मोठा भाग म्हणजे जगभरच्या गल्लीबोळांतील देवळे, पुतळे, उद्याने व वाचनालये यांची यादी होती, त्या व्यवहाराला पोरखेळ म्हणून बाजूला सारणे आपल्याला परवडणारे नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्याचे नाव पोकेमॉन गो. खेळणाऱ्याने घराबाहेर पडून चालत राहावे आणि खऱ्या जगातील ठरावीक ठिकाणी जाऊन पोहोचावे, अशी त्याची रचना आहे. मोबाईलच्या पडद्यावर आपल्याच गावाचा नकाशा दिसतो. त्यावर काही ठिकाणे उठून दिसतात. त्यांना पोकेस्टॉप म्हणतात, आणि जेथे झुंजी लागतात त्यांना जिम. त्या ठिकाणाच्या जवळ गेल्यावाचून खेळाचे साहित्य मिळत नाही. साहजिकच जेथे अशी ठिकाणे दाट असतात तेथे खेळ रंगतो, आणि जेथे नसतात तेथील मुलगा दोन दिवसांत कंटाळून तो बंद करतो. मुले चालतात ही गोष्ट चांगलीच आहे. तासन्‌तास खाटेवर पडून पाहण्याच्या इतर करमणुकींपेक्षा ती मला कितीतरी बरी वाटते.

आता प्रश्न असा की एखादे ठिकाण त्या नकाशावर येते कसे? हे ठरविणारी नायान्टिक ही कंपनी २०१० साली गूगलच्या छत्राखाली जन्मली आणि २०१५ साली वेगळी झाली. तिचा इन्ग्रेस हा आधीचा खेळ २०१२ च्या अखेरीस आला. ठिकाणांचा पहिला साठा तिने ऐतिहासिक स्थळांच्या सूचींतून आणि लोकांनी स्थाननिर्देशासह टाकलेल्या छायाचित्रांतून उचलला. पुढे खेळाडूंनाच सांगितले गेले की तुमच्या परिसरातील ठिकाणे तुम्ही सुचवा. २०१६ साली कंपनीचे प्रमुख जॉन हॅन्के यांनी दिलेल्या माहितीप्रमाणे असे सुमारे १.५ कोटी प्रस्ताव आले आणि त्यांपैकी ५० लाखांच्या आसपास मान्य झाले. त्याच साठ्यावर जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो उभा राहिला. २०१९ पासून या कामासाठी वेफेअरर नावाची स्वतंत्र व्यवस्था आहे. ठरावीक पातळी गाठलेला खेळाडू ठिकाणाचे नाव, वर्णन, एक छायाचित्र आणि आजूबाजूचा परिसर दाखविणारे दुसरे छायाचित्र पाठवितो. त्याची पारख कंपनीचे पगारी नोकर क्वचितच करतात. छोटीशी परीक्षा उत्तीर्ण झालेले इतर खेळाडू ती करतात.

या पारख करणाऱ्यांना वेतन नाही. त्यांचा निर्णय बहुमताशी जुळत गेला की त्यांच्या स्वतःच्या एखाद्या प्रस्तावाचा निकाल लवकर लागतो. माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या अध्यापनात मी मजुरीचे अनेक प्रकार शिकविले: रोजंदारी, उक्ते काम, धान्यातील मजुरी. परंतु रांगेत थोडे पुढे सरकण्याची मुभा हीच मजुरी, हा प्रकार कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. आणि ज्या नकाशावर हे सारे मांडले जाते तोही, डिसेंबर २०१७ पासून, ओपनस्ट्रीटमॅपचा आहे. हा नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. जगभरच्या स्वयंसेवकांनी तो तयार केला आहे आणि तो सर्वांना खुला आहे. म्हणजे नकाशा लोकांनी काढला, ठिकाणे लोकांनी सुचविली, पारखही लोकांनीच केली. मालकी मात्र कंपनीची. २०२५ च्या विक्रीत खेळांबरोबर वेफेअररही स्कोपली या कंपनीकडे गेले, आणि स्कोपली ज्या सॅव्ही गेम्सची आहे ती सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या मालकीची आहे. अमरावती जिल्ह्यातील एखाद्या मुलाने आपल्या आळीतील देवळाचा फोटो हौसेने पाठविला असेल, तर त्याची नोंदही या खरेदीखतात गेली. ते देवळाच्या पंचांना ठाऊक नाही, मुलालाही नाही.

हे मूल्य नेमके कोठून येते? कंपनीने स्वतःच ते सांगितले आहे. जपानमध्ये २०१६ साली मॅकडोनाल्डची सुमारे ३,००० उपाहारगृहे एका फटक्यात खेळातील ठिकाणे झाली. भारतात हा खेळ डिसेंबर २०१६ मध्ये अधिकृतपणे आला तो रिलायन्स जिओशी करार करून, आणि रिलायन्स डिजिटलची दुकाने नकाशावर आली. जाहिरातदाराने मोबदला द्यायचा तो प्रत्यक्ष पायरी चढून आलेल्या माणसामागे, असे हे गणित आहे. दुकानाला छायाचित्र, वर्णन, बहुमत यांपैकी काहीही लागत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो दाराने आत येतो, आणि गावच्या वाचनालयाने मात्र रांगेत उभे राहायचे. पण लक्षात घ्या, दुकानांना किंमत का आली? आजूबाजूला देवळे, बागा, पुतळे अशी लाखो फुकटची ठिकाणे आहेत म्हणून लोक चालू लागले, आणि चालू लागले म्हणून दुकानाशी थांबले. शेजारी रस्ता आणि बाजार झाला की जमिनीचा भाव वाढतो, आणि मालकाने त्यासाठी काहीही केलेले नसते. त्याला आपण अनर्जित प्राप्ती म्हणतो. येथे तेच आहे. फक्त जमीन पडद्यावरची आहे. आपल्या चौकात साधा जाहिरात फलक लावायचा तर नगरपरिषदेची परवानगी व शुल्क लागते. त्याच चौकावर अदृश्य फलक लावायला काही लागत नाही.

२०१६ साली गुजरात उच्च न्यायालयात या खेळाविरुद्ध जनहित याचिका झाली. तक्रार अशी की खेळातील अंडी हिंदू व जैन मंदिरांत दिसतात आणि भावना दुखावतात. आपल्या देशात प्रश्न कसा विचारला जातो याचा हा नमुना आहे. ठिकाणाच्या पावित्र्याची चर्चा झाली. त्याच्या मालकीची कोणी केली नाही.

आता निकषांकडे वळू. ते वाचले तर वरकरणी कोणालाही पटतील. ठिकाण पाहण्याजोगे असावे, व्यायामाला उपयोगी असावे किंवा लोक एकत्र येण्याचे असावे, तेथे सुरक्षितपणे चालत जाता यावे, खासगी घर नसावे, शाळा नसावी. शाळा वगळण्यामागे मुलांच्या सुरक्षिततेचा विचार आहे आणि तो योग्यच आहे. पण परिणाम पाहा. आमच्या कितीतरी खेड्यांत जिल्हा परिषदेची शाळा हीच सार्वजनिक म्हणावी अशी एकमेव पक्की इमारत असते. झाडाला, ते कितीही जुने असो, फलक नसेल तर सहसा मान्यता मिळत नाही. आपल्याकडे निंबाखालच्या पारावर पिढ्यान्‌पिढ्या न्यायनिवाडे, लग्नाच्या बोलण्या आणि राजकारणाच्या गप्पा झाल्या. तेथे फलक लावण्याची गरज कोणाला वाटली होती? देऊळ, मशीद, पुतळा, कमान ही सहज बसतात, कारण ती उभी असतात आणि त्यांच्यावर नाव असते. संत्रातोडीचे मजूर भल्या पहाटे गाडीची वाट पाहत जेथे बसतात तो नाका बसत नाही. तेथे छायाचित्र घेण्याजोगे काही नाही; माणसे आहेत, आणि तीही सकाळी आठपर्यंतच.

हे केवळ आपल्याच वाट्याला आलेले नाही. अमेरिकेतील अर्बन इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी २०१६ साली वॉशिंग्टन शहराची पाहणी केली. गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत सरासरी ५५ ठिकाणे होती आणि काळ्यांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत १९. कोणी मुद्दाम भेद केला असे मुळीच नाही. सुरुवातीचे इन्ग्रेसचे खेळाडू जेथे राहत आणि फिरत, तेथली ठिकाणे नकाशावर आली, एवढेच. विषमतेला प्रत्येक वेळी खलनायक लागतोच असे नाही, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. येथे तर पुढचे चक्रही आहे. ठिकाणे थोडी म्हणून खेळाडू थोडे, खेळाडू थोडे म्हणून सुचविणारे आणि पारखणारे थोडे, म्हणून प्रस्ताव रेंगाळतात आणि ठिकाणे थोडीच राहतात. अनुशेषाची ही रीत विदर्भातील माणसाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

'सुरक्षितपणे चालत जाता यावे' या अटीवर मी जरा अधिक थांबतो. ही अट पायवाट आहे काय एवढेच विचारते. पाय कोणाचे, हे विचारत नाही. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली ती १९२७ साली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉ. आंबेडकर अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष होते. त्या काळी कोणी वेफेअररसारखी यादी केली असती, तर मंदिर 'सार्वजनिक, चालत जाण्याजोगे' म्हणून बिनदिक्कत मान्य झाले असते. नावांचेही तसेच आहे. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. नगरपरिषदेच्या कागदावर नाव बदलते. पण खेळातील नोंदीत वस्तीचे जुने नाव कोणी टाकले, तर ते जगभर दिसत राहील.

ठिकाणांची नोंद करणे हे परक्यांनी आपल्याला शिकवावे असे काही नाही. आपल्याच मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले ते तेथे. पुढे महानुभावांनी स्थानपोथी केली. चक्रधरस्वामी कोठे राहिले, कोठे बसले, कोणत्या देवळाच्या कोणत्या दिशेला काय आहे, याची गावोगावची नोंद त्या ग्रंथात आहे. त्या जागांवर ओटे बांधले गेले आणि भाविक आजही ते शोधत जातात. येथे एक भेद पाहण्यासारखा आहे. जागा आधी आठवणीत होती, मग पोथीत आली, मग तिच्यावर ओटा झाला. आजच्या व्यवस्थेत आधी ओटा हवा, त्याचे छायाचित्र हवे, मगच ती जागा. आणि गोविंदप्रभू ज्या मांगामहारांच्या घरी निःसंकोच जात, त्या घरांचीही आठवण त्या परंपरेने राखली. पोथीची मालकी पंथाकडे राहिली. तिचे खरेदीखत झाले नाही. मी महानुभाव नाही आणि भाविकही नाही, पण हा फरक मला अर्थशास्त्रीय वाटतो.

मग आपण काय करायचे? बंदीची मागणी मी करणार नाही. मुलांना खेळू द्यावे, ठिकाणेही सुचवू द्यावीत. मोर्शीत दमयंतीच्या काठी, बाजारात, वाचनालयापाशी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाच्या प्रार्थनास्थळी, आखाड्यात, पाणपोईवर नजर टाकली तर निकषांत बसणारे पुष्कळ काही आहे, आणि जी वस्ती आजवर कोणत्याच नकाशावर नव्हती तिच्यातील समाजमंदिर नकाशावर आले तर मला आनंदच होईल. माझी विनंती क्रमाविषयी आहे. कंपनीला कळविण्यापूर्वी आळीला विचारा. नाव काय लिहायचे ते तेथील लोकांनी सांगावे. फोटोत कोणाचे दार, कोणाच्या घरातील बायामुले येत नाहीत हे पाहावे. खेळाडूंनी मोबाईलने केलेले परिसराचे चित्रण कंपनी कशासाठी वापरते हे तिने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले आहे: यंत्राला जगाची जाण यावी म्हणून, आणि अशा सुमारे १ कोटी जागांचे चित्रण तिच्यापाशी आहे. हे चित्रण ऐच्छिक आहे; तेव्हा ते न करण्याचे स्वातंत्र्यही आपल्याला आहे, एवढे मुलांना सांगा.

आणि जी माहिती कंपनीला द्याल तीच ओपनस्ट्रीटमॅपवरही टाका. तेथे फलक असलाच पाहिजे असा हट्ट नाही. झाड, विहीर, हातपंप, बसथांबा सगळे चालते. नगरपरिषदेकडे प्रभागवार सार्वजनिक जागांची नोंदवही मागा. तिच्याकडे मालमत्तेची नोंद असते, परंतु ती करवसुलीसाठी. ज्या जागेवर कर नाही ती त्या कागदांत जवळजवळ नसतेच, आणि उद्या तेथे गाळे उठले तर 'येथे पार होता' हे सिद्ध करायला आपल्याकडे कागद नसतो.

तरुण साथींनी या महिन्यात एकेका प्रभागाची फेरी करावी असे ठरले आहे. वहीत चार रकाने आखा: जागेचे लोकांच्या तोंडी असलेले नाव, ती कोणी बांधली किंवा लावली, आज कोण वापरते, आणि कोणाला तेथे बसू दिले जात नाही. चौथा रकाना भरताना घाई करू नका. तो एकट्या-दुकट्याला विचारून भरत नाही, आणि बायांना वेगळे विचारावे लागते. सुरुवात मजुरांच्या नाक्यापासून करावी, पहाटे पाचला. त्या वेळी मीही येईन, गुडघ्यांनी परवानगी दिली तर.