दोनशे ताऱ्यांचं राज्य

कॉलेजच्या कामासाठी किंवा ऑफिससाठी घेतलेला, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आज अनेक घरांत असतो. त्यावर अंतराळात साम्राज्य उभारण्याचा एखादा मोठा गेम सुरू केला, की पहिले काही तास सगळं सुरळीत चालतं. मग गेममधला एकेक दिवस जड होऊ लागतो, पंखा घोंगावू लागतो, आणि खेळणारा ठरवून टाकतो की असे गेम लाखभर रुपयांच्या यंत्रांसाठीच असतात. हा समज चुकीचा आहे, असं मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे. साधा लॅपटॉप या गेममध्ये कमी पडतो तो ताऱ्यांच्या संख्येपुरता. डावपेचांच्या खोलीत तो कमी पडत नाही. आणि ताऱ्यांची संख्या कमी केली, तर डाव बहुतेक वेळा अधिक चांगला होतो.

हे पटण्यासाठी आधी यंत्र नेमकं कुठे अडतं ते पाहू. स्वीडनमधल्या पॅराडॉक्स या कंपनीचा २०१६ साली आलेला ‘स्टेलारिस’ हा गेम उदाहरणादाखल घेऊ, कारण या प्रकारातला तो आज बहुधा सर्वांत परिचित गेम आहे. त्यात लॅपटॉपला दोन कामं असतात. पहिलं काम चित्र काढण्याचं: तारे, ग्रह, जहाजं, स्फोट. दुसरं काम हिशेबाचं: कोणत्या ग्रहावर किती लोक राहतात, त्यातला कोण कोणतं काम करतो, महिन्याला किती ऊर्जा आणि किती धान्य जमा होतं, शेजारचं साम्राज्य आपल्यावर खूश आहे की चिडलेलं, कोणता ताफा कोणत्या मार्गाने निघाला आहे. चित्रांचा भार कमी करणं सोपं आहे. रिझोल्यूशन उतरवलं, सावल्या बंद केल्या, युद्ध अगदी जवळून न पाहता नकाशावरून पाहिलं, की प्रोसेसरमध्येच असलेलं साधं ग्राफिक्सही पुरतं. शिवाय हा गेम कधीही थांबवता येतो आणि थांबवलेल्या अवस्थेत हुकूम देता येतात. सेकंदाला साठ चित्रांऐवजी पंचवीस दिसली म्हणून इथे कोणी हरत नाही. गोळीबाराच्या गेममध्ये डोळा आणि बोट यांच्यामधला क्षण मोलाचा असतो, इथे विचाराला हवा तेवढा वेळ मिळतो. हिशेबाचं काम मात्र चित्रांचा दर्जा उतरवून तसूभरही कमी होत नाही. डाव पुढे सरकतो, वसाहती वाढतात, तसा तो हिशेब फुगत जातो. बरेच खेळणारे सगळी चित्रं खालच्या पातळीवर आणतात आणि तरीही गेम अडतो म्हणून निराश होतात, त्याचं कारण हेच.

स्टेलारिसच्या स्वतःच्या इतिहासातच याचा पुरावा आहे. सुरुवातीला प्रत्येक ग्रह चौकोनांत विभागलेला असे, जास्तीत जास्त २५ चौकोन, आणि एका चौकोनात लोकसंख्येचं एक एकक. २०१८च्या डिसेंबरमध्ये २.२ या आवृत्तीने ते चौकोन काढून टाकले आणि त्याजागी नोकऱ्या आणि वस्त्या आणल्या. ग्रह जिवंत वाटू लागले, पण लोकसंख्येवरची मर्यादा सैल झाली. प्रत्येक एकक आपल्याला अधिक योग्य काम आहे का हे पुन्हा पुन्हा तपासू लागलं, आणि डावाचा उत्तरार्ध रेंगाळू लागल्याची तक्रार सर्वदूर झाली. तक्रार करणाऱ्यांत महागडी यंत्रं असलेलेही होते. २०२१च्या ३.० आवृत्तीत कंपनीने लोकसंख्या वाढीचं गणितच बदललं आणि साम्राज्य मोठं होईल तशी वाढ मंदावेल अशी व्यवस्था केली. २०२५च्या ४.० आवृत्तीत एकेका एककाऐवजी सारख्या लोकांचे गट करून हिशेब करण्याची पद्धत आणली. गेमच्या निर्मात्यांनी सात वर्षांत इतक्या वेळा पाया उकरला तो चित्रांसाठी नव्हे, लोकसंख्येच्या हिशेबासाठी. तेव्हा अडचण गरीब लॅपटॉपची आहे असं म्हणताना हेही म्हणावं लागेल, की ती अडचण श्रीमंत यंत्राला फक्त थोडी उशिरा गाठते.

त्यामागचं गणित शाळकरी मुलालाही जमेल असं आहे. गेम सुरू करताना दीर्घिकेचा आकार निवडता येतो, २०० ताऱ्यांपासून १,००० ताऱ्यांपर्यंत. तारे पाचपट झाले म्हणजे काम पाचपट झालं असं वाटतं. पण २०० ताऱ्यांमध्ये दोन-दोनच्या जोड्या होतात १९,९००, आणि १,००० ताऱ्यांमध्ये ४,९९,५००, म्हणजे सुमारे २५ पट. गेम प्रत्येक जोडी तपासत नाही हे खरं, पण मार्ग शोधणं, व्यापार, एकमेकांवरची नजर, ही कामं अशाच वेगाने वाढू पाहतात. साम्राज्यांचंही तेच. सहा साम्राज्यांमध्ये परस्परसंबंध १५ असतात, वीस साम्राज्यांमध्ये १९०. आता विचारण्यासारखा प्रश्न असा, की वीस साम्राज्यांच्या डावात खेळणारा माणूस त्या १९० संबंधांपैकी किती लक्षात ठेवतो? आपले तीन-चार शेजारी, एखादा दूरचा मित्र, एखादा बलाढ्य शत्रू, एवढंच. बाकीचा हिशेब यंत्र करत राहतं आणि माणसाच्या निर्णयापर्यंत तो पोचतही नाही.

मोठेपणा आणि खोली या वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकारच्या जुन्या गेममध्ये लख्ख दिसतं. १९७१ साली माइक मेफील्ड या अमेरिकन तरुणाने ‘स्टार ट्रेक’ नावाचा गेम लिहिला. त्यात चित्र नव्हतंच, टाइपरायटरसारख्या यंत्रावर अक्षरं उमटत. संपूर्ण अंतराळ म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखे ६४ चौकोन आणि प्रत्येकाच्या आत पुन्हा ६४. तरीही उरलेली ऊर्जा, उरलेले दिवस आणि लपलेले शत्रू यांचा मेळ घालताना खरा निर्णय घ्यावा लागे. १९८४ साली डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलिट’मध्ये ३२ केबी मेमरीच्या बीबीसी मायक्रो संगणकावर आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ तारे बसवले. त्यांनी ताऱ्यांची माहिती साठवलीच नाही. सहा बाइटांच्या एका बीजातून बेरजेच्या साध्या नियमाने प्रत्येक तारा हवा तेव्हा तयार केला. एलिट हा व्यापाराचा आणि लढाईचा गेम आहे, साम्राज्याचा नाही. पण तोकडं यंत्र विचार कसा धारदार करतं, याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

१९९३ सालच्या ‘मास्टर ऑफ ओरायन’कडे मात्र जरा थांबून पाहायला हवं. त्यातली सर्वांत लहान दीर्घिका २४ ताऱ्यांची, सर्वांत मोठी १०८ ताऱ्यांची. एका ग्रहाचा सगळा कारभार पाच पट्ट्यांवर चाले: जहाजं, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि संशोधन. एक पट्टी वाढवली की बाकीच्या आपोआप कमी होत, म्हणजे प्रत्येक निवडीची किंमत लगेच समोर दिसे. संशोधनातली काही तंत्रं दर डावात मुद्दाम गाळलेली असत आणि कोणती गाळली आहेत हे आधी ठाऊक नसे. जे मिळणार नाही ते शेजाऱ्याकडून विकत घ्या, चोरून आणा किंवा लढून मिळवा. त्यामुळे शेजारी हा नकाशावरचा रंग न राहता गरज बनतो. आणि पुरेसे ग्रह वसले की सगळ्या साम्राज्यांची परिषद भरून मतदान होई. दोन तृतीयांश मतं मिळवणारा जिंकला. निकाल स्पष्ट झाल्यावरही शंभर वसाहती एकेक करून पुसत बसण्याचा कंटाळा या एका युक्तीने संपवला. हे सगळं आजच्या स्वस्तातल्या स्वस्त लॅपटॉपच्या ताकदीच्या एका कोपऱ्यात मावतं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. अंतराळ म्हणजेच विशालता. चोवीस किंवा दोनशे ताऱ्यांचं अंतराळ ही एक गल्ली झाली, मग ते खेळायचं कशाला? पण विशालता वाटते कशामुळे, ते पाहू. मास्टर ऑफ ओरायनमध्ये सुरुवातीची साधी जहाजं आपल्या वसाहतीपासून तीन पार्सेक अंतराच्या पलीकडे जाऊच शकत नाहीत. चार पार्सेकवरचा हिरवा ग्रह समोर दिसतो आणि इंधनाचं नवं तंत्र हाती येईपर्यंत तिथे पोचता येत नाही. त्या एका पार्सेकमध्ये जेवढं अंतराळ आहे तेवढं पुष्कळदा हजार ताऱ्यांच्या नकाशात नसतं, कारण तिथे शेवटचे सहाशे तारे खेळणाऱ्याच्या लेखी नुसते ठिपके असतात. विशालतेची जाणीव दुर्गमतेतून येते, आणि दुर्गमता हा गेमच्या नियमांचा भाग आहे. तिला मेमरी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे आणि मला तो बऱ्याच अंशी मान्य आहे. लहान दीर्घिकेत शेजारी लवकर भेटतात, शोधाशोधीचा निवांत काळ आखूड होतो, आणि सुरुवातीलाच बलाढ्य शेजारी वाट्याला आला तर सावरायला जागा उरत नाही. म्हणून तारे कमी करताना साम्राज्यंही कमी केली पाहिजेत. २०० ताऱ्यांत चार किंवा पाच पुरेत. आणखी एक सेटिंग आहे, जी माझ्या मते ताऱ्यांच्या संख्येहूनही महत्त्वाची आहे: राहण्याजोग्या ग्रहांचं प्रमाण. ते निम्मं किंवा पाव करता येतं. लोकसंख्या ग्रहांवर राहते आणि हिशेब लोकसंख्येमुळे वाढतो, त्यामुळे ४०० ताऱ्यांत ग्रह विरळ ठेवले तर मोकळी जागाही मिळते आणि लॅपटॉपवरचा भारही आवरतो. खेळाच्या दृष्टीनेही त्यात लाभ आहे. दहावा ग्रह मिळाला काय आणि न मिळाला काय, असं होत नाही. तिसऱ्या ग्रहासाठी तह करायचा की युद्ध, हा खराखुरा पेच पडतो.

यंत्राविषयीही थोडं सांगतो. पातळ लॅपटॉपचा प्रोसेसर काही क्षण जोरात धावतो, तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. पाच मिनिटांच्या कामात हे जाणवत नाही, चार तासांच्या डावात जाणवतं. म्हणून तो गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवू नये, मागची बाजू थोडी उचललेली असावी, चार्जर लावलेला असावा, आणि चित्रांची गती सेकंदाला तीसवर बांधून टाकावी, म्हणजे वाचलेली उष्णता हिशेबाच्या कामी येते. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं, त्यामुळे खर्च करायचाच असेल आणि जागा रिकामी असेल, तर रॅमची दुसरी पट्टी बसवणं हा बहुधा सर्वांत उपयोगी खर्च. एसएसडीने गेम लवकर उघडतो आणि सेव्ह लवकर होतो, पण मंदावलेला महिना तिच्यामुळे वेगाने सरकत नाही. जास्त गाभ्यांचा (कोअरचा) प्रोसेसर घेतला तरी फायदा मर्यादितच, कारण आधी नोकऱ्या ठरल्याशिवाय उत्पादन ठरत नाही आणि उत्पादन ठरल्याशिवाय खर्च ठरत नाही. एकामागून एकच करावी लागणारी कामं अनेक गाभ्यांत वाटता येत नाहीत.

ज्यांना पैसे खर्चायचेच नाहीत त्यांच्यासाठी ‘फ्रीओरायन’ आहे. जगभरच्या स्वयंसेवकांनी लिहिलेला, मोफत आणि खुल्या स्रोताचा, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणारा. तो पाळीपाळीने खेळायचा असल्यामुळे मंद लॅपटॉपवर फक्त दोन पाळ्यांमधली वाट लांबते. मास्टर ऑफ ओरायनचीच नवी मोफत आवृत्ती हवी असेल तर ‘रेम्नंट्स ऑफ द प्रीकर्सर्स’ पाहावा. जुना गेम वापरायला किचकट असतो ही तक्रार रास्त आहे, आणि या गेममध्ये ती पुष्कळ दूर झाली आहे.

स्टेलारिसच खेळायचा असेल, तर नवा लॅपटॉप पाहायला जाण्याआधी एक मोजणी करा. डाव २२०० साली सुरू होतो. तेव्हा सर्वांत जलद गतीवर गेममधलं एक वर्ष संपायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा आणि लिहून ठेवा. २३०० साली पुन्हा मोजा. वेळ दुपटीच्या आत असेल, तर पुढच्या डावात तारे वाढवायला हरकत नाही. दुपटीच्या पुढे गेला असेल, तर आधी राहण्याजोगे ग्रह कमी करा, मग साम्राज्यं, आणि तारे सर्वांत शेवटी. डाव संपण्याचं वर्षही डाव सुरू करतानाच्या त्याच सेटिंगच्या पानावर बदलता येतं. ते शंभर वर्षं अलीकडे आणलं, तर सर्वांत जड काळ येण्याआधीच निकाल लागतो.