वनराज भाटिया : संगीतरचनाकाराचे श्रम आणि मोल



कामगार चळवळीतला माणूस संगीतावर काय बोलणार, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. मी गायक नाही, वादक नाही. शाळेनंतरचे माझे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु जेथे श्रम आहेत तेथे मोबदल्याचा प्रश्न आहेच, आणि त्या प्रश्नाशी माझा जुना परिचय आहे. वनराज भाटिया यांचे चरित्र मी त्याच दृष्टीने आपल्यापुढे मांडणार आहे.

भाटिया यांचा जन्म 31 मे 1927 रोजी मुंबईत, एका कच्छी व्यापारी कुटुंबात झाला. लहानपणी ते देवधरांच्या संगीत विद्यालयात आपले शास्त्रीय संगीत शिकले. पुढे चायकोव्हस्की या रशियन रचनाकाराची पियानोची रचना कानी पडली आणि त्यांची वाटच बदलली. एल्फिन्स्टन कॉलेजातून 1949 मध्ये इंग्रजीचे एम. ए. होऊन ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाले. तेथील त्यांच्या गुरूंपैकी एक ॲलन बुश. हे बुश कम्युनिस्ट होते आणि 1936 साली कामगारांसाठी संगीतसंस्था उभारणाऱ्यांत प्रमुख होते. नंतर शिष्यवृत्तीवर भाटिया पॅरिसला गेले व नादिया बुलांजे या थोर शिक्षिकेपाशी काही वर्षे शिकले.

आता हे संगीत आपल्याहून वेगळे कशात, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्या भजनात पेटी आणि सारे गळे एकाच चालीमागून जातात. पाश्चात्य पद्धतीत तीन-चार चाली एकाच वेळी चालतात, आणि तरीही त्यांचा मेळ बसतो. रापण ओढताना दोन टोकांचे दोर दोन वेगळ्या रांगा ओढतात. जाळे मात्र एकच असते. तसेच हे. म्हणून प्रत्येक वादकाने कोणता स्वर केव्हा वाजवायचा, हे रचनाकाराला कागदावर लिहून द्यावे लागते. आपला गवई तंबोरा आणि तबला घेऊन मैफल रंगवू शकतो. वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्याला मात्र पन्नास-साठ पगारी वादक मिळाल्याखेरीज स्वतःची कृती ऐकायलासुद्धा मिळत नाही.

असे शिक्षण घेऊन भाटिया 1959 मध्ये मायदेशी परतले. येथे त्या विद्येला गिऱ्हाईक कोठे होते? 1960 ते 1965 त्यांनी दिल्ली विद्यापीठात पाश्चात्य संगीतशास्त्र शिकविले. मुंबईत पूर्ण व्यावसायिक वाद्यवृंद उभा राहिला तो 2006 साली. तेव्हा भाटियांचे वय एकोणऐंशी होते. मधल्या काळात पोटासाठी त्यांनी जाहिरातींना चाली दिल्या. सात हजारांहून अधिक! लिरिल साबणाची धून आपल्यापैकी पुष्कळांनी गुणगुणली असेल; तिच्या कर्त्याचे नाव किती जणांना ठाऊक होते?

1974 मध्ये श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ने त्यांना चित्रपटाचे दार उघडले. 1976 चा ‘मंथन’ तर गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढला. त्याचे संगीत भाटियांचे. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारलेला 1977 चा ‘भूमिका’, दूरदर्शनवरील ‘भारत एक खोज’, ही कामेही त्यांचीच. ‘तमस’साठी 1988 चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1989 मध्ये संगीत नाटक अकादमीचा, आणि 2012 मध्ये पद्मश्री. उतारवयातही ते गिरीश कार्नाड यांच्या ‘अग्निवर्षा’वर ऑपेरा लिहीत होते.

हाच माणूस अखेरच्या काळात औषधपाण्यासाठी घरातली भांडीकुंडी विकीत होता. वर्तमानपत्रांत तशा बातम्या आल्या, काही सहृदय मंडळी मदतीला धावली. 7 मे 2021 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ते त्र्याण्णव वर्षांचे होते.

या हलाखीचे सारे खापर एकाच कारणावर फोडणे न्यायाचे होणार नाही. तथापि एक गोष्ट उघड आहे. पद्मश्रीबरोबर पैसा येत नाही, आणि आपल्याकडे चाल बांधणाऱ्याला एकदा बिदागी देऊन मोकळे करण्याचाच रिवाज होता. कोणी म्हणेल, गवंड्याला आपण घर बांधल्याची मजुरी एकदाच देतो. मग गाणे करणाऱ्याला पुन्हा पुन्हा का? उत्तर सोपे आहे. घरात एक कुटुंब राहते. गाणे मात्र हजार ठिकाणी वाजते, आणि प्रत्येक ठिकाणी कोणाचा ना कोणाचा धंदा चालविते. ज्या मालातून रोज कमाई होते, त्यात तो घडविणाऱ्याचा रोजचा वाटा असला पाहिजे.

ही कल्पना माझी नव्हे. भाटिया ज्या पॅरिसमध्ये शिकले, तेथेच 1847 साली बूर्जे नावाच्या गीतकाराने एका कॅफेत पेयाचे बिल देण्याचे नाकारले. तुम्ही माझे गाणे फुकट वाजविता, तर मी पैसे का द्यावेत, असा त्याचा सवाल. न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली, आणि 1851 मध्ये रचनाकारांची संस्था स्थापन झाली. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर ती त्यांची युनियनच! आपल्या देशात अशी संस्था 1969 मध्ये निघाली. पण लेखक आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कोणालाही लिहून घेता येऊ नये, ही तरतूद कायद्यात आली ती 2012 मध्ये. भाटियांना पद्मश्री मिळाली, तेच हे वर्ष. त्यांच्या कामाचा बहर तोवर ओसरला होता.

हा प्रश्न मुंबईचा म्हणून आपण सोडून देऊ नये. आपल्या गावोगावी जाखडीचे शाहीर गीते रचतात, नमनाची मंडळे नवी गाणी बसवितात. कोणी येतो, ध्वनिमुद्रण करतो, आणि ते मोबाईलवर घरोघर पोहोचते. शाहिराला शाल मिळते, नारळ मिळतो. त्याचे नाव गाण्यावर लागते का? कमाईत त्याचा हिस्सा ठरलेला असतो का? माझी मंडळांना विनंती आहे की, ध्वनिमुद्रणापूर्वी साध्या कागदावर करार करा, त्यात रचणाऱ्याचे नाव आणि वाटा लिहा, आणि हे काम एकेकट्याने न करता तालुक्यातील सर्व मंडळांनी मिळून करा. एकट्या माणसाला नाही म्हणणे सोपे असते. चाळीस मंडळांना तसे म्हणता येत नाही.