संगणकाचा प्रारंभ आणि पडद्यावरील चित्र



नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शाळांत संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. तथापि तासाची पहिली दहा मिनिटे यंत्र सुरू होण्यातच गेली, तर मुलांचे कुतूहल मावळते. आणि असे यंत्र पुढे कापडाखाली झाकून पडते. म्हणून त्याचा प्रारंभ कसा होतो, हे शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. भारतात सी-डॅक या शासकीय संस्थेने डेबियन लिनक्सवर आधारलेली 'बॉस' ही प्रणाली सिद्ध केली असून तीत मराठीचीही सोय आहे.

कळ दाबताच यंत्रातील मूळ आज्ञावली जागी होते. ती 'ग्रब'ला पाचारण करते, ग्रब कर्नलला स्मृतीत आणतो आणि कर्नल पहिली प्रक्रिया सुरू करतो. पूर्वी ही प्रक्रिया सर्व सेवा एकामागून एक सुरू करी; जणू एकाच चुलीवर भात उतरल्यावर वरण चढवावे. २०१० साली आलेल्या 'सिस्टिमडी'ने परस्परांवर अवलंबून नसलेली कामे एकाच वेळी सुरू करण्याची रीत घातली. कोणत्या सेवेने किती वेळ घेतला, हे 'सिस्टिमडी-ॲनालाइज ब्लेम' या आज्ञेने दिसते. छपाईयंत्र नसलेल्या शाळेत छपाईची सेवा बंद ठेवण्यास काय हरकत आहे?

चित्राचीही गोष्ट अशीच. पूर्वी पडद्याची मांडणी कर्नलबाहेरील आज्ञावली करी. त्यामुळे सुरू होताना पडदा लुकलुके. २००९ पासून हे काम कर्नलने स्वतःकडे घेण्यास आरंभ केला. एखाद्या जुन्या यंत्राचा पडदा तरीही काळाच राहिला, तर ग्रबमध्ये 'नोमोडसेट' हा शब्द जोडून पाहावा. चित्र दिसू लागले, तर दोष चित्रव्यवस्थेत आहे, हे उमगते.

वीज अवचित गेल्यास पूर्वी संपूर्ण तबकडी तपासावी लागे. २००१ साली कर्नलमध्ये आलेल्या 'ईएक्सटी-३' रचनेत बदलांची नोंदवही ठेवली जाते. त्यामुळे हा विलंब बराच टळतो. तरीही यंत्र रीतसर बंद करण्याची सवय मुलांना लावावीच.

यंत्र जुने झाले म्हणून टाकण्यापूर्वी ते कोठे अडखळते, हे पाहावे. मंद विद्यार्थ्याविषयी चांगला शिक्षक जे करतो, तेच येथेही करावयाचे आहे.