पारदर्शक ऑक्साइडचे पातळ थर : डोपिंगची किमया आणि तिची मर्यादा



धातूतून वीज वाहते पण प्रकाश आरपार जात नाही, काचेतून प्रकाश जातो पण वीज वाहत नाही. हे दोन्ही गुण एकत्र नांदू शकतात हे १९०७ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल बेडेकर यांनी कॅडमियम ऑक्साइडच्या पातळ थरावर दाखवले. आज मोबाइलचा स्पर्शपडदा आणि अनेक सौरघट अशाच थरांवर चालतात.

झिंक ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनांनी भरलेला संयुजा पट्टा आणि जवळजवळ रिकामा वहन पट्टा यांच्यात सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्टचे ऊर्जा-अंतर असते. दृश्य प्रकाशाच्या कणांची ऊर्जा त्याहून कमी असल्याने प्रकाश शोषला जात नाही, मात्र त्याच अंतरामुळे मुक्त इलेक्ट्रॉनही मोजकेच मिळतात. डोपिंग, म्हणजे स्फटिकात परक्या अणूंची मोजकी भर, ही अडचण दूर करते. द्विसंयुजी झिंकच्या जागी त्रिसंयुजी ॲल्युमिनियम बसला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. इंडियम ऑक्साइडमध्ये हेच काम कथिल करते आणि कथिलाच्या ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनची जागा घेणारा फ्लोरिन. फ्लोरिनचा आयन आकाराने ऑक्सिजनच्या आयनाशी मिळताजुळता असल्याने स्फटिकजाळीत फारसा ताण न आणता सामावतो.

मुक्त इलेक्ट्रॉनांची संख्या घन सेंटिमीटरला १० च्या २० व्या घातापलीकडे गेली की वहन पट्ट्याच्या तळाच्या जागा भरतात, शोषणाची सीमा अतिनील बाजूला सरकते आणि प्रकाशीय अंतर रुंदावते. १९५४ मध्ये उलगडलेल्या या परिणामाला बर्स्टाइन-मॉस यांचे नाव आहे. अवरक्त भागात मात्र हेच मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाश शोषू आणि परतवू लागतात. खिडकीच्या उष्णतारोधक काचेला हा गुण उपकारक, तर अवरक्त प्रकाशही वापरणाऱ्या सौरघटाला मारक ठरतो.

खरी गुंतागुंत पुढे आहे. इलेक्ट्रॉन देऊन धनभारित झालेला प्रत्येक डोपंट अणू वाहत्या इलेक्ट्रॉनांची वाट वळवतो, त्यामुळे संख्या वाढते तशी चलनशीलता, म्हणजे विद्युतक्षेत्रात वेग घेण्याची इलेक्ट्रॉनांची क्षमता, घटते. झिंक ऑक्साइडमध्ये विद्राव्यतेची मर्यादा ओलांडली की जादा ॲल्युमिनियम स्फटिककणांच्या सीमांवर ऑक्साइडच्या रूपात साचतो आणि इलेक्ट्रॉन न देताच अडथळा बनतो. म्हणूनच थर बनवण्याच्या द्रावणात घातलेले डोपंटचे प्रमाण आणि थरात सक्रिय झालेले प्रमाण एकच मानणे ही गंभीर चूक आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात दीर्घकाळ जोपासल्या गेलेल्या स्प्रे पायरॉलिसिसच्या पद्धतीत हे ठळकपणे दिसते: सुमारे ४५० अंश सेल्सिअसला तापवलेल्या काचेवर टिन (कथिल) क्लोराइड आणि अमोनियम फ्लोराइडच्या द्रावणाचा फवारा पडतो तेव्हा काही फ्लोरिन वायुरूपाने निघून जातो आणि काचेच्या तापमानातील थोडासा फरकही थराची रोधकता बदलतो.

डोपिंग वाढवले आणि रोधकता घटली, एवढ्या निष्कर्षावर थांबणारा शोधनिबंध अपुरा समजावा लागेल, कारण रोधकता ही इलेक्ट्रॉनांची संख्या आणि चलनशीलता या दोहोंच्या गुणाकारावर ठरते आणि तिच्यावरून कोणता घटक बदलला हे कळत नाही. तरुण संशोधकांनी प्रत्येक नमुन्याचे हॉल-मापन (चुंबकीय क्षेत्रात ठेवून केलेले विद्युत मापन) करून दोन्ही आकडे स्वतंत्र द्यावेत, थराची जाडी नोंदवावी आणि जादा डोपिंगने बिघडलेल्या नमुन्यांचे निकालही वगळू नयेत, अशी आग्रहाची विनंती आहे.